काचपेटीतील मासे आणि स्पंजाचा फिल्टर

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्या काळी काचेपलीकडचे रंगीत मासे पाहावयाचे म्हणजे मरीन ड्राइव्हपर्यंत जाणे आले. आज ही शोभा घरातील दिवाणखान्यात येऊन बसली आहे. कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटवर भरणाऱ्या रविवारच्या बाजारात, चेन्नईच्या कोळत्तूर भागात किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात हिंडून पाहावे. प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत दोन-चार मासे घेऊन, ती पिशवी छातीशी धरून चाललेली मुले हटकून दृष्टीस पडतात.

पेटी घरी येते त्या दिवशी आनंदाला भरते येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी किंचित धुरकट दिसू लागते. आठव्या-दहाव्या दिवशी एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी कुशीवर पडलेला आढळतो. मूल रडते. वडील दुकानदाराला बोल लावतात. आजी म्हणते, "मुक्या जिवाला कोंडून ठेवू नये." पुन्हा मासे आणले जातात, तेही जातात, आणि दिवाळीच्या साफसफाईत पेटी माळ्यावर चढते.

या सर्वांत आजीचे म्हणणे मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. ज्या जिवाला आपण चार भिंतींच्या काचेत ठेवले, त्याला स्वतःसाठी दुसरे पाणी शोधता येत नाही. नदीतला मासा खराब पाण्यातून पोहत दूर जाईल; पेटीतल्याला तेवढेच पाणी प्यावयास, तेवढेच श्वसनास आणि मलमूत्र टाकावयासही तेच. तेव्हा त्या पाण्याची व्यवस्था माशांच्या आधी घरात येणे न्यायाचे होईल. सुदैवाने ही व्यवस्था फार खर्चाची नाही. स्पंजाचा एक तुकडा, प्लॅस्टिकची नळी आणि हवेचा छोटा पंप एवढ्यात ती होते. तिच्यामागील तत्त्व मात्र समजून घेतले पाहिजे, कारण तत्त्व न समजता बसवलेला फिल्टर महिन्याभरात आपल्याच हातांनी निकामी करून टाकला जातो.

माशांचे शरीर अन्नातील प्रथिनांचा उपयोग करून घेते तेव्हा अमोनिया तयार होतो. आपल्या शरीरात त्याचे युरियात रूपांतर होऊन तो मूत्रावाटे बाहेर पडतो. मासे मात्र तो बव्हंशी कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजलेली पाने यांतूनही तोच निघतो. घातक प्रमाणात असूनही या अमोनियाला रंग नसतो आणि आपल्या नाकाला त्याचा वासही येत नाही. त्यामुळे आरशासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे मरतात आणि घरातील मंडळी बुचकळ्यात पडतात.

त्यात आणखी एक खोच आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांतील एक रूप बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. कोणत्या रूपाचा वाटा किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू म्हणजे दुकानदार ज्याला पीएच म्हणतात तो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. तापमान वाढले तरी तो वाढतो. म्हणूनच कोकणातील जांभ्याच्या जमिनीतील मृदू पाण्यात जी चूक माशांनी एखादे वेळी सोसली असती, तीच चूक क्षारयुक्त कूपनलिकेच्या पाण्यात, उन्हाळ्याच्या दिवसांत, एका रात्रीत पेटी रिकामी करते.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. काचेच्या भांड्यात त्याने सोनमासे ठेवले व सोबत व्हॅलिस्नेरिया नावाची, लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात. पुढे वनस्पतीची कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्याने ती खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या, आणि समतोल साधला. घरगुती मत्स्यपेटीचा विचार येथून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु वॉरिंग्टनच्या भांड्यात आणखी एक मंडळी राबत होती, आणि तिचा पत्ता त्याला नव्हता. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियावर जगणारे सूक्ष्म जीवाणू वेगळे काढून दाखविले. यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, त्याने माशांचे रक्त तपकिरी पडते आणि त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असून पाणी अधूनमधून बदलल्यास त्याचा त्रास होत नाही.

मत्स्यपेटीत नायट्राइटचे काम नेमके कोणता जीवाणू करतो याविषयी बरीच वर्षे एक समजूत चालत आली होती. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गोड्या पाण्याच्या पेटीत ते काम नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा या गटातील जीवाणू करतात. आणि २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची सारी वाट एकट्यानेच चालणारे नायट्रोस्पायरा जीवाणू सापडले. त्यांतील काही माशांच्या संवर्धनासाठी वापरल्या जाणाऱ्या फिल्टरमध्येच वस्तीला होते. जे मदतनीस आपण दीडशे वर्षे कामाला लावले, त्यांची खरी ओळख इतक्या उशिरा व्हावी, ही मोठी गंमत आहे.

गाळणी की वसतिगृह?

फिल्टर म्हणजे गाळणी, असा आपला समज असतो. चहाची गाळणी चोथा अडवते, तसा फिल्टर घाण अडवतो. स्पंज तेही काम करतो, पण ते दुय्यम. त्याचे मुख्य काम या जीवाणूंना राहावयास जागा देण्याचे आहे. हे जीवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. कशाला तरी चिकटून, पातळ बुळबुळीत थर करून ते राहतात. त्यांना बसावयास पृष्ठभाग हवा आणि त्या पृष्ठभागावरून प्राणवायूयुक्त पाणी अखंड वाहत राहावयास हवे. स्पंजाच्या लहानशा तुकड्यात असंख्य छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राच्या भिंती म्हणजे राहावयाच्या खोल्या. त्यामुळे मुठीएवढ्या स्पंजातही पुष्कळ जागा असते.

या स्पंजातून पाणी खेचून घेण्याची युक्तीही साधी आहे. स्पंजाच्या पोकळीत एक उभी नळी बसवलेली असते आणि तिच्या तळाशी पंपाची हवा सोडतात. हवेचे बुडबुडे मिसळलेले नळीतील पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते. बाहेरचे जड पाणी त्याला वर लोटते, आणि त्याची जागा घेण्यासाठी स्पंजातून नवे पाणी आत येते. पाण्यात फिरणारे यंत्र नाही, झिजणारे चाक नाही. वर आलेले पाणी पृष्ठभाग हालता ठेवते, त्यामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात उतरतो. पुष्कळांना वाटते की बुडबुड्यांतूनच सारा प्राणवायू मिळतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग हालत्या पृष्ठभागातून येतो. आपल्या हवामानात याचे महत्त्व अधिक आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात, माशांना प्राणवायू अधिक हवा असतो तेव्हाच, पाणी तो कमी धरते.

याहून शक्तिमान आणि महाग फिल्टर बाजारात पुष्कळ आहेत. मोठ्या पेटीला ते लागतातही. पण दीड-दोन फुटांच्या घरगुती पेटीसाठी, विशेषतः गप्पीसारखे पिले घालणारे मासे ठेवावयाचे असतील तर, स्पंजाच्या फिल्टरला तोड नाही असे माझे मत आहे. जोरकस फिल्टर इवली पिले आत ओढून घेतो. स्पंजाला ती नुसती चिकटून चरत असतात, कारण त्याच्यावर वाढलेले सूक्ष्म जीव हे त्यांचे आयते खाद्य होय.

बसविण्याची रीत

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच घेतली, तर काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावेल. वाळू घालून आणि वरची दोन बोटे सोडून ४५ लिटरांच्या आसपास राहते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ६० किलोग्रॅमच्या घरात जाते, तेव्हा लटपटणारे टेबल किंवा भिंतीला ठोकलेली फळी उपयोगाची नाही. खिडकीतील थेट ऊनही नको. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

या मापाच्या पेटीला मुठीएवढ्या जाडीचा, चार-पाच इंच उंचीचा स्पंज पुरतो. दुकानात तयार फिल्टर मिळतो तोच घ्यावा. गादीतील फोम कापून किंवा भांडी घासण्याचा स्पंज वापरून काम भागविण्याचा मोह होतो, पण त्यांत रंग, आग न लागण्यासाठी घातलेली द्रव्ये किंवा जंतुनाशके असण्याचा संभव असतो. आणि जंतुनाशक तर आपल्या हेतूच्या मुळावरच येणारे. छिद्रे फार बारीक असलेला स्पंज लवकर तुंबतो. बोटांनी दाबून पाहता हवा सहज जाईल असा, मध्यम छिद्रांचा स्पंज बरा. शक्य असल्यास दोन स्पंजांचा जोडफिल्टर घ्यावा. त्याचा फायदा धुण्याच्या वेळी कळतो.

स्पंज प्रथम साध्या पाण्याने, साबण न लावता, दोन-तीनदा पिळून धुवावा. मग पेटीतील पाण्याखाली धरून तो पुनःपुन्हा दाबावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाईल. असे न केल्यास नवा स्पंज बुचासारखा वर येऊन तरंगतो आणि मुलांची करमणूक होते. तळाला जड बैठक किंवा काचेला चिकटणारी रबराची वाटी असते, तिने तो मागच्या कोपऱ्यात पक्का करावा. वाळूत पुरू नये. तळापासून थोडा वर असल्यास चारही बाजूंनी पाणी शिरते. वरच्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीला किंवा किंचित खाली यावे. नळी पाण्याच्या फार वर काढली तर पाणी चढत नाही, आणि नुसता खळखळाट ऐकू येतो.

पंप कोठे ठेवावा, ही बाब क्षुल्लक वाटते, पण घरातील गालिचा आणि पंप दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. वीज गेली की नळीतील हवेचा दाब जातो आणि पेटीतील पाणी उलट्या वाटेने नळीतून खाली उतरू लागते. पंप पेटीच्या खाली असेल तर ते पाणी पंपात शिरून जमिनीवर येते, आणि पाणी बरेच खाली जाईपर्यंत थांबत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे. ते जमत नसल्यास हवेच्या नळीत एकेरी झडप बसवावी. ही झडप काही रुपयांत मिळते. ती उलटी बसवली तर हवाच जाणार नाही, म्हणून आधी तोंडाने फुंकून पाहावे. ज्या टोकातून फुंकलेली हवा पलीकडे जाते ते टोक पंपाकडे करावे. पंपाची वायर सॉकेटकडे सरळ न नेता तिचा झोळ सॉकेटच्या खाली लोंबता ठेवावा. वायरीवरून ओघळलेले पाणी मग झोळाच्या तळाशी गळून पडते, विजेपर्यंत पोहोचत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय थोरांनी लावून घेतली म्हणजे मुले ती आपोआप उचलतात.

असा पंप अहोरात्र चालू ठेवावयाचा असतो. "रात्री आवाज होतो म्हणून बंद करतो," असे सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. पंपाखाली जाड कापडाची घडी ठेवली की आवाज निम्म्याने उतरतो. विजेच्या खर्चाची चिंताही नको. तीन वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सव्वादोन युनिटांच्या आतच वीज खातो.

नळाचे पाणी पेटीत तसेच भरू नये. पिण्याच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरिन घातलेला असतो. तो माशांचे कल्ले जाळतो आणि आपल्या जीवाणूंनाही मारतो. पसरट भांड्यात किंवा बादलीत पाणी एक दिवस उघडे ठेवल्यास क्लोरिन बहुतेक उडून जातो. घाई असल्यास छायाचित्रकार वापरत ते हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उपयोगी पडते. ५० लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम पुरतो. क्लोरिन अमोनियाशी संयुक्त झालेला असेल तर नुसते उघडे ठेवून तो जात नाही, तेथे दुकानात मिळणारे तयार औषधच घालावे. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरिन नसतो, पण प्राणवायूही कमी असतो, म्हणून तेही एक रात्र बादलीत हवा सोडून ठेवलेले बरे. घरात यंत्राने शुद्ध केलेले आरओचे पाणी असते, ते माशांना उत्तम, असे काहींना वाटते. तसे नाही. त्यातील क्षार निघून गेलेले असतात आणि अशा पाण्याचा सामू स्थिर राहत नाही. जीवाणूंच्या कामातही पाण्यातील क्षार थोडेथोडे खर्ची पडतात व सामू उतरत जातो. मृदू पाण्याच्या प्रदेशात पेटीच्या कोपऱ्यात मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून ठेवला तर हा उतार सावरतो.

पहिला महिना

आता खऱ्या कसोटीचा भाग येतो. नवा स्पंज हे रिकामे घर आहे. त्यात वस्ती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात. दूध नासविणारे जंतू तासाभरात दुपटीने वाढतात. यांना दुप्पट व्हावयास सुमारे एक दिवस लागतो. दुकानदार सहसा हे सांगत नाही. पेटी, फिल्टर आणि एक डझन मासे तो एकाच दिवशी विकतो, आणि दहाव्या दिवशी जे होते ते आपण वर पाहिलेच.

म्हणून पेटी मांडावी, फिल्टर चालू करावा आणि मासे आणू नयेत. रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना त्यांचे अन्न मिळते. मुलांना हा काळ जड जातो, यात शंका नाही. पण तेवढ्या काळात पाणवनस्पती लावता येतात, आणि पाणी तपासण्याच्या थेंबांच्या संचाने दर दोन दिवसांनी परीक्षा घेऊन वहीत नोंद करण्याचे काम दहा-बारा वर्षांच्या मुलास फार आवडते. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो व नायट्राइट चढतो, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतो. पाठ्यपुस्तकातील नत्रचक्र त्याला घरातच घडताना दिसते.

याहून सुलभ वाट आपल्या गृहिणींना सांगावयास नको. दही लावावयाचे तर आपण विरजण शेजारून मागून आणतो. स्पंजाचेही तसेच आहे. ज्यांची पेटी वर्षभर नीट चालली आहे, अशा स्नेह्यांकडील जुन्या स्पंजाचा तुकडा आणून नव्या स्पंजाशेजारी ठेवावा, किंवा तो नव्या पेटीच्या पाण्यात पिळावा. त्या गढूळ, किळसवाण्या दिसणाऱ्या पाण्यात सारे विरजण असते. वेळ आठवड्या-दोन आठवड्यांवर येतो. मात्र ज्या पेटीत रोग आहे तेथील स्पंज आणू नये, कारण विरजणाबरोबर रोगही येतो.

मासे आधीच घरात आले असतील, आणि बहुधा ते आलेले असतातच, तर पहिला महिना हात आखडून चालावे. खाद्य एक दिवसाआड, अगदी थोडे. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलावे. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, कल्ले भरभर हालू लागले किंवा पर अंगाशी मिटून ते कोपऱ्यात बसले, की तपासणीची वाट न पाहता तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. बदलण्याचे पाणी क्लोरिनरहित व पेटीतील पाण्याइतक्याच ऊबेचे असावे.

खाद्याबद्दल आपल्याकडे एक अडचण संस्काराची आहे. हरिद्वारच्या घाटावर किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीत माशांना कणकेच्या गोळ्या आणि चुरमुरे घालणे हे पुण्याचे काम समजले जाते. वाहत्या नदीत ते खपून जाते. ४५ लिटरांच्या पेटीत मात्र आजोबा, आई, मुले आणि आलेला पाहुणा अशा प्रत्येकाने प्रेमाने टाकलेली चिमूट एकत्र होते आणि त्या प्रेमाचा अमोनिया होतो. घरात एकालाच हे काम द्यावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. मासे थंड रक्ताचे असल्याने त्यांची भूक आपल्यासारखी नसते. सुटीत चार-सहा दिवस गावी जाताना निरोगी, वाढलेल्या माशांना उपाशी ठेवलेले चालते. शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊन जाणे त्याहून धोक्याचे.

स्पंज धुताना

पहिल्या महिन्याचे संकट टळले की दुसरे तीन-चार महिन्यांनी येते, आणि तेही टापटिपीच्या पोटी. स्पंज तपकिरी होतो, बुडबुडे मंदावतात. घरातील कोणी तरी तो काढून नळाखाली धरते, साबण लावून लख्ख धुते आणि परत बसवते. आठवडाभरात मासे मरू लागतात. महिनोन्महिने जमलेली वस्ती दोन मिनिटांत वाहून गेलेली असते, आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली असते.

योग्य रीत अशी. पाणी बदलताना काढलेले पेटीतील जुनेच पाणी बादलीत घ्यावे. त्यात स्पंज चार-पाच वेळा दाबून गाळ काढावा आणि लगेच परत बसवावा. तो पांढरा किंवा मूळ रंगाचा होण्याची अपेक्षा करू नये. तपकिरी राहिला म्हणजेच ठीक. दोन स्पंज असतील तर एका खेपेस एकच धुवावा. पंधरा दिवस ते महिना या अंतराने हे पुरे होते. बादलीतील ते गढूळ पाणी मोरीत ओतून देऊ नये. त्यात नायट्रेट असतो, आणि तुळशीला व कुंड्यांतील झाडांना ते चांगले मानवते. माशांना औषध द्यावे लागल्यास ते वेगळ्या भांड्यात द्यावे, कारण जंतूंवरील पुष्कळ औषधे या जीवाणूंनाही सोडत नाहीत.

वीज जाण्याचा प्रश्न लहान गावांत अजून मिटलेला नाही. येथे स्पंजाचा फिल्टर इतरांपेक्षा सोशिक ठरतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी कोंडून जीवाणू गुदमरतात. स्पंज पेटीतच उघडा असल्याने तीन-चार तासांचे त्याला काही वाटत नाही. वीज अधिक वेळ गेली तर खाद्य बंद ठेवावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने तांब्याभर पाणी घेऊन एक वीत उंचीवरून पेटीतच ओतावे. दहा-बारा वेळा असे केल्याने पृष्ठभाग हालून पाण्यात प्राणवायू येतो. घटीवर चालणारे छोटे पंपही मिळतात. रात्रभर वीज नसेल, तर पंप पुन्हा सुरू करण्याआधी स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यात एकदा पिळून घ्यावा, म्हणजे आत साचलेले दूषित पाणी पेटीत पसरणार नाही.

मासे कोणते घ्यावेत, हा रुचीचा प्रश्न आहे, पण सोनमाशांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ते स्वस्त असतात, मुलांना आवडतात आणि दुकानदार ते काचेच्या गोल भांड्यातही खपवतो. गोल भांड्याचे तोंड निमुळते असल्याने हवेला मिळणारा पृष्ठभाग कमी, आणि सोनमासा तर खादाड व घाण फार करणारा. वाढून वीतभर होणाऱ्या या माशाला वर सांगितलेली पेटीही अपुरीच पडते. त्याऐवजी सहा-आठ गप्पी किंवा दहा झेब्रा मासे घ्यावेत. अंगावर निळे पट्टे असलेला चपळ झेब्रा मासा आपल्याच पूर्वेकडील गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. थव्याने राहणारा असल्याने त्याला एकटा ठेवू नये. फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून त्याला फिल्टर लागत नाही, असे सांगतात. परंतु अमोनिया त्यालाही तितकाच घातक असतो. त्याच्या पेटीत हवा मंद सोडावी एवढेच, कारण लांब परांमुळे त्याला प्रवाह सोसत नाही.

पेटी नीट चालली की गप्पींची पिले होऊ लागतात आणि जागा पुरेनाशी होते. जास्त झालेले मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. श्रीनगरच्या दल सरोवरात मे २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार हा शिकारी मासा आढळला. पेट्यांतील काच चाटणारा सकर मासा तर देशातील अनेक जलाशयांत पसरून कोळ्यांच्या जाळ्यांचे नुकसान करीत आहे. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा ज्यांना हवेत त्यांना द्यावेत. देताना सोबत स्पंजही द्यावा. यासाठी आपल्या पेटीत फिल्टरशेजारी एक जादा स्पंज महिनाभर आधीच ठेवून द्यावा. नेण्याच्या दिवशी तो पेटीतील थोड्या पाण्यासह पिशवीत घालावा, पिशवीत हवा राखावी, उन्हात ठेवू नये आणि दोन-तीन तासांच्या आत नव्या पेटीत बसवून हवा सुरू करावी. मासे त्याच संध्याकाळी सोडले तरी चालतात; पहिल्या आठवड्यात मात्र दोन-तीनच सोडावेत.